रायापूरची पेपर मिल

हुबळी-धारवाड या जोडनावाच्या मधोमध जी आडवी रेघ आहे, त्या रेघेवर रायापूर वसलं आहे. १९६२ साली दोन्ही शहरांची मिळून एक महानगरपालिका झाली, पण एका पालिकेत नांदणं वेगळं आणि एका मनानं नांदणं वेगळं. हुबळीकरांच्या मते धारवाड म्हणजे पेन्शनरांचं गाव, धारवाडकरांच्या मते हुबळी म्हणजे नुसता बाजार. दोघांचंही बरोबर आहे. रायापूरला मात्र दोघांपैकी कुणीच नावं ठेवत नाही, कारण तिथे मुद्दाम म्हणून कुणी जात नाही. चिगरी बस थांबते, दारं उघडतात, आतला गारवा थोडा बाहेर सांडतो, दारं मिटतात. उतरतात ते शेडमधले कामगार, इस्कॉनच्या देवळात निघालेली मंडळी, नाहीतर माझ्यासारखे, ज्यांची बहीण तिथे दिलेली आहे.

या भागात जे होतं ते घाऊक होतं. इस्कॉनच्या अंगाला अक्षयपात्रचं स्वयंपाकघर आहे. शाळांतल्या लाखभर मुलांचा भात-सांबार तिथे शिजतो. आजूबाजूच्या शेडमधून लेथ, ड्रिल आणि प्रेस यांची घरघर चालू. त्यामुळे इथला माणूस भेटला की पाऊसपाण्याच्या आधी ‘प्रॉडक्शन किती?’ विचारतो. आमच्या दाजींनी, म्हणजे अक्काच्या यजमानांनी, चाळीसेक वर्षं रोज संध्याकाळी या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून सही करून दिलं. टर्नर म्हणून ते कारखान्यात लागले आणि टूलरूम सांभाळता सांभाळता निवृत्त झाले. मोटारीचे सुटे भाग कातायचे, मायक्रोमीटर लावायचा, वहीत आकडा लिहायचा. आकडा चुकला तर जॉब भंगारात. या शिस्तीत वाढलेल्या माणसाला घरी बसवणं किती अवघड आहे, हे अक्काला त्यांच्या निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. त्यांनी डब्यांतली डाळ मापून झाकणावर तारीख घातली.

खरं तर आमच्याकडे निवृत्त माणसाला करायला पुष्कळ असतं. गाणं ऐकावं. आपण मल्लिकार्जुन मन्सूरांना किती जवळून ऐकलं, ते ज्यांनी लांबून ऐकलं त्यांना सांगावं. भावकीतला जमिनीचा दावा पुढच्या तारखेपर्यंत जिवंत ठेवावा. सकाळी फिरायला जाऊन येताना पेढा घेऊन यावा, म्हणजे फिरल्याचा हिशेब जागच्या जागी मिटतो. दाजींनी यातलं काहीच केलं नाही. ते मुलाकडे स्टुटगार्टला गेले आणि बिघडून परत आले.

झालं ते असं. तिथल्या हॉटेलात वाढप्यानं सूप ठेवलं आणि काखेतला हातभर लांब लाकडी सोटा पुढे केला. सोट्याचं डोकं पिरगाळलं की खालून मिरीची भरड पडते. पंगतीत तूप वाढणारा जसा ‘पुरे’ म्हटल्याशिवाय धार तोडत नाही, तसा तो पिरगाळत राहिला. दाजी पुरे म्हणेनात. सूप काळं झालं. भाच्याला वाटलं, बाबांना मिरी भलतीच आवडली. बाबा तिकडे सोट्याचा घेर बघत होते: ही गोलाई कुठल्या पटाशीनं काढली असेल, आणि एवढं खोल भोक सरळ कसं उतरवलं असेल? शेवटी त्यांनी वाढप्याला तो सोटा खोलून दाखवायला लावला. पलीकडच्या टेबलावरच्या जर्मन गृहस्थांचं सूप बिनमिरीचं निवत राहिलं. परत येताना दाजींच्या बॅगेत अक्कासाठी चॉकलेटं होती आणि स्वतःसाठी मिरी दळायच्या नुसत्या यंत्रांचा जुडगा. भोवतीचं लाकूड रायापूरला मिळेल, ही खात्री.

तेव्हापासून त्यांच्याकडे गेलेल्या माणसाला चहाच्या आधी प्यूजो घराण्याचा इतिहास ऐकावा लागतो. फ्रान्समधलं हे नाव आपण मोटारीमुळे ऐकलेलं; पण त्यांनी १८४० मध्ये कॉफी दळायची गिरणी काढली, १८७४ मध्ये मिरीची, १८८२ मध्ये सायकल, आणि मोटार थेट १८८९ मध्ये. म्हणजे तुम्ही ज्यांना मोटारवाले समजता ते मुळात दळपवाले! यावर आपण आश्चर्य दाखवलं तर दाजी लगेच घरचा दाखला जोडतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, आपल्या सौंदत्तीजवळच्या गुर्लहोसूरचा. त्यांनीही बेळगावात आधी सायकलीच विकल्या, मग कडबा कापायची यंत्रं केली, लोखंडी नांगर केला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. पुढे याच घराण्यानं १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर काढून लेथ करायला घेतले. दाजी ज्या लेथवर शिकले तो हरिहरचाच होता, हे सांगताना त्यांचा आवाज कुलदैवताचं नाव घेतल्यासारखा खाली येतो.

‘‘ते लोक मिरीवरून मोटारीवर गेले,’’ अक्का आतून म्हणते, ‘‘आणि हे मोटारीवरून मिरीवर आले.’’

लाकडाचा लेथ घरी आला तेव्हा गाडीच्या शेडमधून गाडी बाहेर निघाली. ती अजून बाहेरच आहे. शेडमध्ये आता बाभूळ, फणस, आंबा, सागवान यांचे ओंडके टोकांना मेण फासून, वर तारीख लिहून रचलेले असतात, कारण ओलं लाकूड सावकाश वाळलं नाही तर टोकाकडून तडकतं. ‘‘गाडी पावसात आणि लाकूड सावलीत,’’ एवढंच अक्का म्हणते, पण ज्या सुरात म्हणते त्या सुरात आमच्याकडे घरं वाटली जातात.

प्रश्न आला तो लोकांना काय सांगायचं याचा. ‘मिरीची गिरणी’ म्हटलं की माणसं पिठाच्या गिरणीकडे बघून विचार करू लागतात. म्हणून अक्कानं सोपं केलं आणि ‘पेपर मिल’ म्हणायला सुरुवात केली. आता, आमच्या दांडेलीला काळी नदीच्या काठी मोठी पेपर मिल आहे आणि अक्काचे एक चुलत दीर तिथे उभी हयात काढून निवृत्त झालेले. त्यांच्या कानावर गेलं. त्यांचा फोन आला तेव्हा मी समोरच बसलो होतो.

‘‘वहिनी, ऐकलं ते खरं? दादांनी पेपर मिल टाकली?’’

‘‘टाकली की. गाडीच्या शेडमध्ये.’’

पलीकडे थोडी शांतता. ‘‘आणि पाणी कुठनं आणता एवढं?’’

‘‘पाणी कशाला? पाण्याचा थेंब लागायला नको. ओल लागली की माल फुगतो.’’

‘‘बांबू तरी आमच्याच बाजूचा?’’

‘‘बांबू नाही, बाभूळ.’’

‘‘बाभळीचा कागद!’’ दीर बहुधा खुर्चीत बसले. ‘‘बरं, प्रॉडक्शन?’’

‘‘महिन्याला एखादं.’’

‘‘टन?’’

‘‘नग.’’

पुढे दिरांनी दाजींची प्रकृती कशी आहे, झोप लागते का, हे फार मायेनं विचारलं.

महिन्याला एखादंच का, हे शेडमध्ये जाऊन बसल्याशिवाय कळत नाही. लोखंडाच्या लेथवर हत्यार टूलपोस्टमध्ये आवळून बसवलेलं असतं. चाक फिरवलं की ते मोजून तेवढंच पुढे सरकतं. लाकडाच्या लेथवर हत्यार हातात. पुढे एक आडवी पट्टी, तिच्यावर पटाशी टेकवायची आणि मिनिटाला हजार-दोन हजार फेरे घेणाऱ्या लाकडाला ती अलगद भेटवायची. कोन जरा चुकला की पटाशी लाकडात घुसते, धाडकन आवाज होतो आणि तयार होत आलेल्या नगाला नवी खाच पडते. जन्मभर यंत्राच्या मुठीवर विश्वास ठेवलेल्या माणसाला साठीनंतर स्वतःच्या मुठीवर ठेवावा लागला. पहिले काही महिने शेडमधून फक्त धाडकन आवाज आणि त्यामागून शुद्ध कन्नड ऐकू यायचं. दाजी घरात मराठी, बाजारात कन्नड आणि साहेबांशी इंग्रजी बोलतात. लाकडाला कुठली भाषा लागू पडते, याचा शोध तेव्हा चालू होता.

पण सगळ्यात मोठी परीक्षा भोकाची. मिरीची गिरणी म्हणजे एक धड आणि एक डोकं. मधून एक दांडी जाते. तळाशी दोन दातेरी कड्या: बाहेरची धडाला घट्ट बसवलेली, आतली दांडीबरोबर फिरणारी. डोकं फिरवलं की दांडी फिरते, दांडीबरोबर कडी फिरते आणि दोन्हींच्या दातांत मिरीचा दाणा आधी फुटतो, मग भरडतो. वरची चकती आवळली की भरड बारीक, सैल केली की जाड. कल्पना अगदी साधी. पण त्यासाठी वीतभर लाकडाच्या पोटातून, तळाशी एक्केचाळीस मिलिमीटर आणि वर सत्तावीस, असं दोन मापांचं भोक सरळ रेषेत न्यावं लागतं. थोडं ड्रिल करा, बाहेर काढा, ढलप्या झाडा, पुन्हा आत घाला. घाई केली तर ढलप्या आत कोंबून बसतात, बिट तापतो आणि शेडमधून होम चालल्यासारखा धूर येतो. अर्धं भोक या टोकाकडून आणि अर्धं त्या टोकाकडून पाडायचं, म्हणजे दोन्हीकडचे मजूर डोंगराच्या पोटात भेटावेत. दाजींचे मजूर कधीकधी भेटत नाहीत. मिलिमीटरचा शंभरावा भाग ज्यांनी आयुष्यभर सोडला नाही, त्यांचा बिट एकदा बाभळीच्या गाठीला वळसा घालून बरगडीतून बाहेर आला. तो नग त्यांनी फेकला नाही. तो खिडकीत ठेवलाय आणि त्यात अक्का उदबत्त्या लावते.

शिवाय रायापूरची हवा. धारवाडचा पाऊस आणि हुबळीची धूळ, दोन्हींचा वाटा इथे पोचतो. लोखंड चैत्रात आणि श्रावणात सारखंच असतं; लाकूड नसतं. मार्चच्या कोरड्या हवेत झकास बसवलेलं डोकं जुलैत फुगून असं धरतं की दाजी धड पकडतात, अक्का डोकं पकडते आणि दोघं उलट दिशांना जोर करतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं एकचित्तानं एकमेकांविरुद्ध त्यांनी पूर्वी काही केलेलं नसेल.

लाकडाचा नाद लागलेल्या माणसाबरोबर कुणाकडे जाणं हा एक वेगळाच जाच असतो. दाजी कुणाच्याही घरी गेले की आधी सोफ्याच्या हातावरून हात फिरवतात. यजमानांना वाटतं, पाहुणे आरामात बसलेत. ते रेषा बघत असतात. जुनी बाज दिसली की तिच्या खुरांवर नजर, देवघर दिसलं की खांबांवर. एका जुन्या वाड्यात म्हातारी आजी खाटेवर आजारी होत्या, आम्ही भेटायला गेलो. दाजी इतका वेळ खाटेच्या पायथ्याशी वाकून बसले की सगळ्यांना त्यांच्या भक्तीचं कौतुक वाटलं. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘‘शिसवी आहे. वर रंग मारलाय मूर्खांनी.’’ आजी बऱ्या झाल्या, हे मी सांगितलं तेव्हा ते आनंदलेच, पण निखळ आनंद मला दिसला नाही. मैफलीला आणून बसवलं, तर मागच्या तंबोऱ्याच्या खुंट्या कुणी कातल्या असतील यावर त्यांचं चिंतन. मिरजेकडचं काम असेल तर त्यांना दुरून ओळखू येतं म्हणे. पुढे गाणारा काय गातोय, हे त्यांना नंतर मला विचारावं लागतं.

इतकं करून जी वस्तू तयार होते, तिला आमच्या स्वयंपाकघरात कामच नसतं. रायापूरहून हुबळी ओलांडून थोडं पुढे गेलं की ब्याडगी मिरचीचा मुलूख सुरू होतो. इथे जेवणाला रंगही मिरचीचा आणि तिखटही मिरचीचं. मिरीची पाळी येते ती घशाला खवखव झाली की काढ्यात, ताप उतरला की मऊभातावर, आणि उडदाच्या पापडात. अक्काच्या डब्यातली मूठभर मिरी एक दिवाळी सोडून दुसऱ्या दिवाळीला संपायची. हे ऐकून दाजी चिडतात, आणि इथे इतिहास त्यांच्या बाजूनं आहे. मिरची परदेशची, पोर्तुगीजांबरोबर आलेली. तिच्याआधी आपल्या जेवणात झणझणीत म्हणजे मिरीच. ती पिकते इथून घाटाकडे उतरलं की शिरसीच्या बाजूला, सुपारीच्या झाडांवर चढून. त्याच्याही खाली गेरसोप्प्याला सोळाव्या शतकात चेन्नभैरादेवी राज्य करत होती आणि पोर्तुगीज तिला मिऱ्यांची राणी म्हणत. तिच्याशी भांडतही आणि मिरीसाठी तिच्याकडेच येतही. ४०८ साली रोमला वेढा घालून बसलेल्या अलारिकनं खंडणीत सोनं-रुपं मागितलं तेव्हा त्याबरोबर तीन हजार पौंड मिरीही मागितली होती.

‘‘तीन हजार पौंड! केवढ्या गिरण्या लागल्या असतील त्याला!’’ दाजी म्हणतात.

‘‘खलबत्ता,’’ अक्का म्हणते.

खलबत्त्यापाशी येऊन हा वाद नेहमी थांबतो, कारण तो तिथे खरोखरच संपतो. दाजींचं म्हणणं शास्त्राला धरून आहे: मिरीचा वास तिच्यातल्या उडून जाणाऱ्या तेलांचा, त्यामुळे आधी कुटून ठेवली की तिखटपणा उरतो आणि सुगंध जातो, म्हणून ऐन वेळेला दळावी. अक्काही तेच म्हणते. ऐन वेळेलाच ठेचते. दोन ठोक्यांत काम होतं आणि खलबत्ता श्रावणात अडकत नाही. दाजींकडे यावर एकच उत्तर उरलं होतं आणि ते त्यांनी एकदा वापरलं.

‘‘खलबत्ता टेबलावर शोभतो का?’’

‘‘आपल्याकडे टेबल कुठाय?’’

तेव्हा टेबल आलं. तोवर ही दोघं खाली पाटावर बसून जेवत होती, गुडघे कुरकुरत नव्हते, सगळं सुरळीत होतं. गिरणीला उभं राहायला जागा हवी म्हणून सागवानी टेबल झालं. टेबल झाल्यावर त्यावर नुसती भाकरी-भाजी दाजींना बरी दिसेना, म्हणून सूपचे वाडगे आले. वाडग्यांसाठी सूप आलं. सुपाबरोबर पाव आला, पावानं दाजींची साखर वाढली, डॉक्टरांनी पाव बंद केला आणि सूप तेवढं राहिलं. ते सूप म्हणजे अक्काचं नेहमीचं टोमॅटोचं सार, फक्त वाटीऐवजी वाडग्यात. रोज रात्री त्याच्यावर दाजी उभं राहून गिरणी फिरवतात. मराठीत डोक्यावर मिऱ्या वाटणं म्हणतात. इथे ताटावर वाटतात, त्रास तेवढाच.

पाहुण्यांचीही सुटका नाही. संध्याकाळी हुबळीच्या रिवाजानं गिरमिट आणि मिरची भजी समोर आली, चुरमुऱ्यांवर कांदा-कोथिंबीर-शेव पडली, आपण हात पुढे केला, की दाजी म्हणतात, ‘‘थांबा थांबा.’’ मिरची भज्यावर मिरी, म्हणजे सावकाराला कर्ज देण्याचा प्रकार. पण करकर ऐकून घ्यावी लागते. एकदा त्यांनी पेढ्यावर गिरणी धरली. धारवाडी पेढ्यावर! त्या दिवशी समोर बसलेल्या शेजारच्या गृहस्थांनी ‘‘एन्री इदु?’’ असा जो प्रश्न केला, त्यात विचारणा कमी आणि शोक जास्त होता. आपलं गाव कुठलं, हे अशा वेळी कळतं. मी स्वतः धारवाडचा असल्यानं उठून दुसऱ्या खोलीत गेलो.

घरात ठेवायला जागा उरेना, तेव्हा गिरण्या आहेरात जाऊ लागल्या. लग्न, मुंज, वास्तुशांत, कुणाची सुटी नाही. माणसांना वस्तू मिळते, आनंद होतो, आणि मग ती काय आहे हा प्रश्न पडतो. हुबळीच्या एका घरी ती शोकेसमध्ये कॅरमच्या ढालींशेजारी उभी आहे. बेळगावच्या आमच्या मावशींनी तिच्यात मीठ भरलं, आणि पोलादी दात पावसाळ्यात गंजून मिटले ते कायमचे. शेजारच्या अज्जींना वाटलं खुळखुळा आहे, कारण आत दाणे वाजत होते. त्यांनी तो नातवाला दिला. नातवानं डोकं पिरगाळलं, वास घेतला, आणि पुढची पंधरा मिनिटं दोन्ही घरांत नुसत्या शिंका चालल्या. एका नवऱ्या मुलानं फोन करून विचारलं, ‘‘काका, दिव्याला वायर कुठून घालायची?’’ स्टुटगार्टच्या भाच्याला पाठवलेल्या गिरणीनं तर विमानतळावर सगळ्यांना जागं केलं. लाकडी नळी, आत सळई, खाली स्प्रिंग, पोटात काळे गोळे. पडद्यावर बघणाऱ्याचाही काय दोष? ती खोलायला लावली, हुंगायला लावली, आणि मग त्याच त्या शिंका. पण ती पोचली एकदाची. तिकडच्या मित्रांनी वाहवा केली, आणि दाजी आता ‘एक्स्पोर्ट’ हा शब्द वापरतात.

या सगळ्याकडे मी हसूनच बघत होतो. पण मधे बेंगळूरला एका लग्नाला गेलो, तेव्हा दाजींनी हट्ट धरून म्हैसूरच्या रस्त्यावर चन्नपट्टणला गाडी वळवली. तिथली रंगीत खेळणी सगळ्यांना माहीत असतात. आमच्या लहानपणी आजोळी सावंतवाडीहून येणारी लाकडी फळं आणि भातुकली त्याच जातीची. चन्नपट्टणचं कसब असं: कातलेलं लाकूड फिरतं ठेवून त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबायची, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर पसरते, आणि मग केवड्याच्या जातीचं पान फिरत्या नगावर धरलं की आरशासारखी झिलई येते. ना ब्रश, ना डबा. चन्नपट्टणचे लोक यासाठी आले मर नावाचं पांढरं मऊ लाकूड वापरतात, म्हणजे आपला काळा कुडा. दाजी तिथे एका कारागिराच्या लेथजवळ उभे राहिले ते हलेनात. शेवटी खिशातून गिरणीचं चित्र काढून दाखवलं. त्या माणसानं चित्र एकदा सरळ, एकदा उलटं बघितलं, एक ठोकळा लावला आणि आम्ही चहा पिऊन येईपर्यंत धड, डोकं, कंठाची खाच, पिवळ्या लाखेचे पट्टे, सगळं तयार. भोक राहिलं होतं फक्त. दाजींनी तो नग हातात घेऊन फिरवला, नखानं कड तपासली. तपासण्यासारखं काही नव्हतं.

मग त्या माणसानं विचारलं, ‘‘नीवु दिनक्के एष्टु माडतीरी?’’ तुम्ही दिवसाला किती करता?

रायापूरला ज्या प्रश्नात आयुष्य गेलं तोच प्रश्न इतक्या लांब येऊन पुन्हा भेटला. दाजी म्हणाले, ‘‘तिंगळिगे ओंदु.’’ महिन्याला एक.

‘‘मत्ते होट्टेगे?’’ आणि पोटाला?

‘‘पेन्शन.’’

तो माणूस मोठ्यानं हसला, शेजारच्या दोघांना त्यानं हे सांगितलं, आणि तेही हसले. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, पण हेवा होता का, ते मला ठरवता आलं नाही. आपल्याकडचे कातारी पोळपाट-लाटणी, पाळण्याचे खूर, रव्या, भोवरे, बुद्धिबळाची प्यादी कातत आले. घरोघर लागणाऱ्या वस्तू. त्या प्लास्टिकच्या आणि स्टीलच्या झाल्या आणि बहुतेकांचे लेथ थांबले. ज्यांचा माल लागत होता ते गेले, आणि ज्याचा माल कुणालाच लागत नाही तो माणूस रायापूरला निवांत कातत बसलाय. हे अन्याय्य आहे, हे मी परतीच्या वाटेवर दाजींना बोलून दाखवलं. ते म्हणाले, ‘‘त्याला कंठाची खाच एका फटक्यात कशी जमली रे?’’ दावणगिरीपर्यंत त्यांनी दुसरा विषय काढला नाही. येताना त्यांनी त्या माणसाकडून लाखेच्या कांड्या घेतल्या आणि तो पिवळ्या पट्ट्यांचा नग सांगितल्यापेक्षा जास्त पैसे देऊन विकत घेतला. भोक मात्र अजून पाडलेलं नाही. तिथे माझा हात नको, म्हणतात.

गेल्या दसऱ्याला मी रायापूरला गेलो तेव्हा स्वयंपाकघरातून खुळखुळ ऐकू आली. अक्का ओट्याशी उभी राहून पुऱ्या लाटत होती, आणि पुढे-मागे होत होती ती दाजींची एक फणसाची गिरणी, सरळ धडाची, आत मिरी भरलेली. घरचं लाटणं तडकून वर्ष झालं होतं. नवं करून द्या म्हणून तिनं दाजींना सांगून बघितलं होतं. लाटणं काय कुणीही करतं, असं उत्तर मिळालं होतं.

‘‘बरं वाटतं की हे,’’ ती मला म्हणाली. ‘‘मिरी भरली की वजन येतं. पुरी टम्म फुगते.’’

तेवढ्यात दाजी आत आले. त्यांनी बघितलं. आता काहीतरी होणार म्हणून मी पाट जरा मागे ओढला. ते ओट्यापर्यंत गेले, अक्काच्या हातातून गिरणी घेतली, पिठाचा हात पुसला आणि डोळ्यांपाशी धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट पाहिली.

‘‘मधे दोन मिलिमीटर पोट हवं,’’ ते म्हणाले. ‘‘आणि डोकं आडवं फिरायला नको. लॉक बसवायला पाहिजे.’’

आणि पुऱ्या अर्ध्यावर टाकून, गिरणी घेऊन शेडकडे गेले. अक्कानं उरलेल्या पुऱ्या स्टीलच्या पेल्यानं लाटल्या.